मागच्या रांगेतली ओ

‘बारदाना’चा दुसरा भाग आम्ही पहिल्यांदा मेडशीला दाखवला. बाजाराचा दिवस, भर दुपार आणि एक रिकामं गोदाम. शटरच्या फटींवर आणि झरोक्यांवर सोयाबीन झाकायच्या ताडपत्र्या टाकल्या की दिवसासुद्धा आपलाच हात आपल्याला दिसत नाही. पडदा म्हणजे एकमेकींना शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी.

सिनेमा एजाजचा. तो कारंज्यात आमच्या शेजारी राहतो, लग्नांचं शूटिंग करतो आणि सीझन संपला की त्याच कॅमेऱ्यावर सिनेमा काढतो. पहिल्या भागात धान्याच्या बाजारातला एक हमाल पोत्यांच्या थप्पीखाली दबून मरतो आणि डोक्यावर बारदाना, म्हणजे रिकामं पोतं, घालून परत येतो. हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा. खून करण्याआधी तो माणसाच्या छातीला ओलावा मोजायचं मीटर लावतो आणि अगदी व्यापाऱ्याच्या थाटात म्हणतो, “ओलावा जास्त हाय. कटती लागन.” कटती म्हणजे वजनातली कपात. मग आकडा. तो भाग मोबाइलवर इतका फिरला की लग्नाच्या पंगतीत पोरं एकमेकांच्या छातीला चमचा लावून ओलावा सांगायला लागली. त्या हमालाची भूमिका करणारा संघदीप माझा सख्खा भाऊ.

माझं काम मतं गोळा करण्याचं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी घरीच होते. “तुयं सायन्स कामाले लाव,” एजाज म्हणाला. “लोकं तोंडावर झकासच म्हणतात. खरं काय ते मले सांग.” पुण्याचं एक चॅनेल सिनेमा घ्यायला तयार होतं, पण लोक कुठे हसतात आणि कुठे चुळबुळतात ते पाहून शेवटचा हात फिरवा, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून मी मागच्या भिंतीच्या कोनाड्यात रेकॉर्डर ठेवला आणि खोलीतल्या आवाजाचा आलेख काढला. हशा आला की टेकडी, शांतता झाली की सपाटी.

मेडशीचा आलेख एक जागा सोडून छान होता. त्या जागी नायिका गोदामात थप्पीआड लपते, थप्पीतलं एक पोतं हलतं, ती किंचाळते. लगेच संघदीपचं ओलाव्याचं वाक्य येतं. सगळ्यात मोठा हशा तिथे येणार, यावर आमची पैज होती. तिथे रेघ आडवी झाली आणि पुढे कितीतरी वेळ आडवीच राहिली. जणू सगळे उठून निघून गेले होते.

बाहेर चहाच्या टपरीवर मी लोकांना गाठलं.

“पयल्या पार्टापेक्षा भारी,” एक ऑटोवाला म्हणाला. “पण ते मागून ओ येते ना, तिथं काटाच आला अंगावर.”

“कोणती ओ?”

“अवं, ते पोरगी कोकलते आन मागून कोणीतरी तिले ओ देते. बाई हाय कोणी. तुमी मागं स्पीकर लावला न?”

आमच्याकडे एकच स्पीकर होता, पडद्याखाली. मी पुढे लॅपटॉपजवळ, त्याच्या तोंडाशीच बसले होते. मला काही ऐकू आलं नव्हतं.

“ते कायले टाकलं वं ताई?” कॉलेजातल्या दोन मुली म्हणाल्या. “चांगलं हसून राह्यलो होतो आमी.” किराणा दुकानवाले सैफुद्दीन चाचा ठाम होते: “रक्त टमाट्याचं, मुर्दे हसून राह्यले. सगळं नकली. एक ते ओ तेवढी असली. ते काढू नोका.” आणि त्यांच्या बाकावरचे एक म्हातारबुवा चहा फुंकत बोलले, “मरणाऱ्याले कोणी ओ देते काय, बापा? तिथं चुकले तुमी पोरं.”

संध्याकाळी आम्ही तिघांनी हेडफोन लावून सिनेमाची फाइल ऐकली. किंचाळी, पोतं घसरल्याचा आवाज, संघदीपचं वाक्य. ओ नव्हती. मग रेकॉर्डरमधला आवाज लावला. त्यात ती होती. किंचाळी विरायच्या आत, रेकॉर्डरच्या अगदी जवळून, एका बाईचा खालच्या पट्टीतला आवाज. मोठा नाही. ‘ओ’ सुरू होते, लांबते, वर चढायला जाते आणि मध्येच तुटते.

संघदीपला कशाचंही हसू येतं. त्यानं हेडफोन काढून खाली ठेवला. “हे मी पुन्हा नायी आयकत.”

“असन कोणी नाटकी बाई,” एजाज म्हणाला. “पण एक नंबर देल्ली. मी हे पिक्चरात टाकून राह्यलो. फुकटात भेटली.”

रिठदला, दुसऱ्या तालुक्यात, पुन्हा तेच. तीच जागा, तीच आडवी रेघ, तोच आवाज. मी दोन्ही रेकॉर्डिंग एकाखाली एक लावून पाहिली. स्वर एकच. किंचाळी आणि ओ यांच्यातलं अंतरही एकच. मला तेच खटकलं. दचकलेला माणूस दोनदा नेमक्या तितक्याच अंतरानं ओ देत नाही. वाट पाहत बसलेला देतो.

तिसरा खेळ कारंज्याला होता, एका शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये. या वेळी मी मागे, भिंतीला टेकून बसले. सिनेमा सुरू झाल्यावर ताडपत्री जराशी उचलून कोणीतरी आत आलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसलं. माणूस दिसत नव्हतं. पण पडद्यावर उजेड झाला की बाजूच्या भिंतीवर प्रकाशाचे बारीक ठिपके उमटायचे आणि श्वास घ्यावा तसे वर-खाली व्हायचे. पुढे लोक खिदळत होते. संघदीपनं नवरदेवाला वजनकाट्यावर चढवलं तेव्हा तर कोणीतरी शिट्टी मारली. ठिपके आपले शांत, वर-खाली.

नायिका थप्पीआड गेली. ठिपके हलले, भिंतीवरून वर सरकत छतापर्यंत गेले. माझ्या शेजारचं माणूस उठून उभं राहिलं होतं.

किंचाळी आली. आणि माझ्या कानाजवळ, अंधारातून, ओ.

हेडफोनमध्ये ऐकलेली ती ओ आणि ही, यांत फार फरक होता. हिच्यात श्वास होता. समोरच्या रांगेतल्या माना ताठ झाल्या, पण एकही मागे वळली नाही. पडद्यावर संघदीप ओलावा सांगत होता आणि कोणी हसत नव्हतं. ताडपत्री उचलली गेली, उन्हाची एक पट्टी आत आली आणि गेली. मी मागोमाग बाहेर पडले.

पायरीवर एक म्हातारी बंजारा बाई चप्पल शोधत होती. जुन्या पद्धतीचा घागरा आणि चोळी, दोन्हींवर आरसे जडवलेले. भिंतीवरचे ठिपके ते.

“मावशी, मेडशीलेही तुमीच होत्या न?”

“व्हय. रिठदलेही.” तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू ते मशीन ठेवणारी पोरगी.”

“पिक्चर आवडला?”

“पाह्यला कुठं? डोळे मिटून बसते मी. ते पोतंवाला लय बेकार दिसते.”

“तो माहा भाऊ हाय.”

“मंग त्याले नीट खाऊ घाल,” ती म्हणाली. हसली नाही.

“पिक्चर पाहत नायी त येता काहून?”

“माही निता हाक मारते तिथं.”

तिचं नाव धनीबाई. मेडशीजवळच्या तांड्यावर राहते. निता तिची एकुलती मुलगी. लग्न झालं, सासरी गेली, त्याच हंगामात सोयाबीन सोंगताना, म्हणजे कापताना, साप चावून गेली. धनीबाईनं हे हवामान सांगावं तसं सांगितलं. पुढचं मात्र ती थांबत थांबत बोलली.

“आमच्यात नवरी ढावलो गाते. एकेकाच्या गळ्यात पडून गाणं गात रडते. ज्याच्या गळ्यात पडली त्यानं ओ द्या लागते, रडून. मंग तिचे पाय निघतात. निता माह्या गळ्यात पडली तवा शुटिंगवाल्यानं मले हात केला. म्हणे, मावशी, जराक उगी राहा, नवरीचा आवाज साफ येऊ द्या. मी उगी राह्यली. मले वाटलं, क्यामेऱ्यात चांगलं येईन, पोरीले जलमभर पाहाले होईन.” तिनं चप्पल घातली. “तशीच गेली मंग. ओ न घेता.”

आत सिनेमा संपत आला होता. शेवटच्या विनोदावर थोडंसं हसू फुटलं, चुकून फुटावं तसं.

लोक गेल्यावर मी एजाजला पायरीवर बोलावलं आणि तिच्यासमोरच विचारलं, की नायिकेची किंचाळी कोणाची?

“पोरी कोकलतच नव्हत्या न,” तो म्हणाला. “कोकला म्हटलं की हसत. मंग मी जुन्या कार्डातून बिदाईचं रडणं घेतलं. ते साफ भेटते, कारण मी तवा बाकीच्यांना…” आणि बोलता बोलता त्याचा हात आपोआप वर आला. पंजा खाली करून हळूच दाबल्यासारखा. उगी राहा. त्यानं हाताकडे पाहिलं, मग धनीबाईकडे. तो हात खाली घ्यायला त्याला वेळ लागला.

“हाच हात,” धनीबाई म्हणाली.

एजाज तिच्या पायाशी बसला. “मी आजच काढून टाकतो, मावशी. आन ते रडणं तुमच्या फोनात टाकून देतो. कवाही आयका.”

“फोनात नोको. तिथं मी बटन दाबीन तवा रडन ते. अंधारात ते सोताहून हाक मारते.”

“मंग राहू देऊ पिक्चरात?”

धनीबाईनं उलट विचारलं, “तुहा पिक्चर मंग मोबाइलवर येईन न?”

“येईन. लाखो लोकं पाहतीन, असं म्हणतात ते.”

“म्हणजे लाख ठिकाणी हाक मारन ते. वाशिमले, पुण्याले, कुठं कुठं. मी मेडशीहून रिठदले गेली, इथं आली. बाकी ठिकाणी कोण ओ देईन तिले?”

मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की आपण काय करायला निघालो होतो: एक हाक अगणित घरांत, बंद खोल्यांत पाठवणार होतो, आणि लोक ती ऐकून पुढच्या विनोदाची वाट पाहणार होते.

“काढ ते,” ती म्हणाली. “पण आंधी एक खेप तांड्यावर लाव. मले पुरी ओ देऊ दे. तुमच्या लोकांसमोर मी आखडती घेत होती. त्यांचा पिक्चर खराब होते म्हणून.”

तांड्यावरच्या समाजमंदिरात आम्ही पुन्हा ताडपत्र्या लावल्या. भर दुपारच. या वेळी पडदा नव्हता, नुसता स्पीकर. एजाजनं सिनेमातला तुकडा न आणता कार्डातलं नितेचं सगळं रडणं आणलं होतं. तांड्यावरच्या बायका भिंतीला धरून बसल्या, मागे लहान पोरं दाटीवाटीनं. मी धनीबाईला विचारलं, रेकॉर्डर लावू का? “लाव,” ती म्हणाली. “तुहं काम हाय ते.”

अंधारात निता रडायला लागली. सिनेमात ऐकलेला तुकडा त्यातला अगदी शेवटचा होता, श्वास संपत आल्यावर फुटलेला. त्याच्याआधी ती गात होती. बोल मला कळले नाहीत. तो तुकडा आला आणि धनीबाईनं ओ दिली, या वेळी न तुटणारी. ती वर गेली आणि तिचं गाणं झालं. मग एकेक करून बाकीच्या बायकांनी सूर धरला. कोण जिवंत आणि कोण स्पीकरमधलं, हे मला काही काळ वेगळं करता येईना. माझ्या बाजूला एजाज दोन्ही हात काखेत दाबून उभा होता.

नितेचा आवाज संपला तसं एजाजनं स्पीकरची वायर काढली. बायका थांबेपर्यंत आम्ही कोणी ताडपत्री उचलली नाही. निघताना धनीबाईनं संघदीपच्या हातात भाकरीची पुरचुंडी दिली.

सिनेमा आता मोबाइलवर आहे. त्या जागी फरहीनची, एजाजच्या बहिणीची, किंचाळी आहे. तिनं ती घराच्या गच्चीवर, शेजाऱ्यांना आधी सांगून, मनापासून ठोकली. सिनेमाखाली सगळ्यात जास्त पसंती मिळालेलं मत असं: “बाकी पिक्चर एक नंबर, पण ते पोरगी कोकलते ते लय नकली वाटते, हसून हसून मेलो.” एजाजनं ते आम्हाला वाचून दाखवलं आणि म्हणाला, “हसले न. बस.”

तांड्यावरचं रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर आहे. मी ते एकदाच शेवटपर्यंत ऐकलं. बायकांचा सूर खाली येतो, धनीबाई थांबते, आणि त्या शांततेत, वायर निघाल्यानंतर, रेकॉर्डरच्या अगदी जवळ एक हुंदका ऐकू येतो. रडून रडून थकलेलं माणूस कोणी जवळ घेतल्यावर सोडतं, तसा. मग एक लांब श्वास. मग काही नाही.

मागे लहान पोरं बसली होती. त्यांच्यातल्याच कोणाचा तरी असू शकतो. हुंदक्याचा स्वर वेगळा काढून नितेच्या आवाजाखाली लावून पाहणं माझ्यासाठी सोपं आहे. दोन्ही फाइली मी उघडल्यासुद्धा होत्या. मग एकीच्या खाली दुसरी न लावताच मी त्या बंद केल्या.