खरं वजन

ऑर्व्हल स्टेनरुड एकसष्ट वर्षांचा, विजेच्या तारा ओढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला. कुक सिटीच्या डोंगरात कुणी बर्फात अडकलं की पहिला फोन त्यालाच जायचा. चाळीस हिवाळे तो बर्फावरून धावणारी स्नोमोबिल चालवत होता, आणि गाडीला महागडे शॉकअप बसवून मिरवणाऱ्यांना तो हिशेबात धरत नसे. दुर्दैवाने त्याचा जावई ट्रेंट नेमका त्यांच्यातलाच निघाला.

नोव्हेंबरात ट्रेंटने कंपनीचे चारही शॉकअप काढून सोनेरी बसवले आणि गाडी थेट सासऱ्याच्या अंगणात आणली.

"हे काय? गाडीचं लग्न ठरलंय का?" ऑर्व्हलने विचारलं.

"बसून तर बघा, सासरेबुवा. खड्डा कधी आला नि कधी गेला, कळत नाही."

"खड्डा कळायला नको असेल तर घरी सोफ्यावर बसावं माणसाने."

"आणि तुमची गाडी आपटते ती? मी मागे असलो तरी ऐकू येतं मला."

हे खरं होतं, म्हणूनच ऑर्व्हलला जास्त झोंबलं. त्याची नवी गाडी दर दोन उंचवट्यांनी थाडकन बुडाला टेकायची, आणि दणका माकडहाडातून मानेपर्यंत जायचा. घरी आला की बायको ग्रेटा कमरेला मलम चोळायची.

"बदल ना एकदाचे शॉकअप," ती म्हणाली.

"त्या नटव्यासारखे? मेलो तरी नाही."

"मग मलमही तूच चोळ."

तेव्हा कुठे तो इल्स ब्रँडव्होल्डच्या गॅरेजात गेला. दोघं एका वर्गातली, त्यामुळे इल्स त्याची भीड ठेवत नसे. तिने गाडी दोन-तीनदा दाबून पाहिली.

"कंपनीचे शॉकअप वाईट नाहीत रे. पण स्प्रिंगा बारीक माणसाच्या आहेत. तुझं वजन किती? कोट, बूट, पाठपिशवी, सगळं धरून सांग."

शेगडीभोवती तिघं रिकामटेकडे कॉफी पीत बसले होते. तिघांनी माना वळवल्या.

"दोनशे दहा पौंड," ऑर्व्हल म्हणाला.

इल्सने त्याच्या पोटाकडे पाहिलं. "नक्की?"

"मग काय, खोटं बोलतोय?"

"मला काय! सांगशील त्या मापाच्या मागवते."

स्प्रिंगा आल्या, बसल्या, आणि गाडी पूर्वीसारखीच आपटत राहिली. ऑर्व्हलला उलट आनंदच झाला. पुढचा महिनाभर तो गावात भेटेल त्याला सांगत सुटला, की शॉकअप म्हणजे निव्वळ थोतांड, विकणारे चोर आणि घेणारे मूर्ख.

फेब्रुवारीत डेझी खिंडीच्या वर फार्गो शहरातून फिरायला आलेली एक शाळामास्तरीण गाडीवरून पडली. तिचं गळ्याखालचं, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. ऑर्व्हल आणि ट्रेंट निघाले. तिचा हात गळ्यात बांधून ऑर्व्हलने तिला आपल्यापुढे बसवलं. पहिल्याच उंचवट्याला गाडी आपटली आणि बाई किंचाळली. दुसऱ्याला परत. तिसऱ्यानंतर ती दात-ओठ खात म्हणाली, "अहो काका, मला वाचवायला आलात की मारायला?"

ऑर्व्हलने निमूट गाडी थांबवली. बाई ट्रेंटच्या गाडीवर गेली. उरलेली वाट ऑर्व्हल मागून कान देऊन होता, पण तिचं एकदाही ओरडणं ऐकू आलं नाही.

खाली अँब्युलन्सपाशी तिने ट्रेंटला विचारलं, "त्यांच्या गाडीला शॉकअपच नाहीत का?"

"आहेत की," ट्रेंट म्हणाला. "खोटं वजन सांगून बसवलेत."

सासरा मागेच उभा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. ऑर्व्हलला अंगावर गार पाणी पडल्यासारखं झालं. म्हणजे हे गावभर माहीत होतं. महिनाभर तो तावातावाने बोलत होता तेव्हा लोक माना डोलवत होते, ते हसू दाबण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी तो इल्सकडे गेला. रिकामटेकडे होतेच.

"दोनशे पंच्याऐंशी," तो दारातूनच ओरडला. "हसा, हसून घ्या! तुमच्या तिघांच्या अकलेपेक्षा जास्तच भरतं."

इल्स हसली नाही. "एवढ्याला नुसत्या स्प्रिंगा पुरणार नाहीत. शॉकअप उघडून आतल्या झडपाही बदलाव्या लागतील. नाहीतर सरळ ट्रेंटसारखे घे."

"झडपा बदल. ते दागिने मला नकोत."

झडपा बदलल्या, जाड स्प्रिंगा बसल्या. एकट्याने चालवताना गाडी आपटणं बंद झालं, कमरही सुधारली. पुढे कुणी बसलं की मात्र अजून दणका बसायचाच, आणि ते त्याने स्वतः दोन पोती वाळू बांधून, कुणी बघत नाही अशा उतारावर जाऊन तपासलं होतं.

मार्चमध्ये पुन्हा फोन आला. कुणाचातरी पाय मोडला होता. ऑर्व्हलने बूट चढवता चढवता ट्रेंटला फोन लावला.

"माणसाला तुझ्या गाडीवर घ्यायचं. मी पुढे राहून बर्फ तुडवतो. आणि एक शब्दही बोलायचा नाही."

ट्रेंट एक शब्दही बोलला नाही.