व्रज नावाची पाटी

तळहातावर कापलेल्या खुराचा तुकडा होता, कुजक्या खारकेसारखा, आतून ओला... त्याचा वास नाकातून घशात उतरला तसं म्हस्कूनं तोंड फिरवलं. चाळीस वर्षं शेळ्यामेंढ्यांमागं चाललो, खुराला कधी हत्यार लावावं लागलं न्हाई. रानातला दगडगोटाच घासून काढायचा. आणि लेकाच्या शेडातल्या या दीडशे शेळ्या! जन्मल्यापासून फळ्यांवर उभ्या, फळ्यांखाली मुताचा थर, खूर पुढं वळून वर आलेले. चालणार कुठं? गव्हाण तोंडाशीच.

"आबा, हात धुवा जल्दी," दारावरची 'व्रज' लिहिलेली पाटी पुसत त्याचा लेक अंगद म्हणाला. "कीर्तनकार बुवा बदनापूरहून निघाले, आपली शेड बघायला."

"एकदा तरी रानात सोड रे ह्यांना."

"सोडतो की. वजन घटलं की तुम्हीच घ्या विकत." अंगद हसला. "नाव तुम्हीच दिलं, अन् आता तोंड वाकडं करून राह्यले."

दिलं होतं खरं. रामनवमीला जांबच्या कीर्तनात बुवा म्हणाले होते, व्रज म्हणजे गुरांचा वाडा, माउली; पण धातू पाहा, त्याचा अर्थ जाणे, चालणे. सकाळी जिथून गुरं निघतात अन् सांजेला जिथं परततात, तो व्रज. म्हस्कूच्या डोळ्यांना धार लागली होती... देव असल्याच वाड्यात वाढला, आपल्यासारखाच गुरांमागं चालला! तो शब्द त्यानं प्रसादासारखा जपून घरी आणला, लेकाच्या हातावर ठेवला. आणि लेकानं तो या घाणीवर ठोकला. लेकानं? की मीच?

त्यानं हात धुतले. साबणानं धुतले, राखेनं धुतले. वास जाईना, की आता तो हाताचा नव्हताच...

गाडी थांबली. बुवा उतरले, पाटी वाचून प्रसन्न झाले. "वा म्हस्कोबा, ऐकलेलं जगलात तुम्ही."

म्हस्कू पायांवर वाकला, पण हात मध्येच थबकले. आजवर कीर्तनाला बसताना तो मनात एकच मागायचा, बुवांचा गळा शाबूत राहो. आज, देवा, त्याच गळ्याला ओकारी दे. एकच दे. कारण हा माणूस आत जाऊन असाच हसत बाहेर आला, तर मंग मी कुणापुढं बसू?

अंगदनं दार ढकललं. बुवा वाकून आत शिरले. म्हस्कू बाहेर उभा राहून कान देऊन ऐकत होता, आणि आतून अजून काहीच ऐकू येत नव्हतं.