दगडातला ठोशा

पहिल्याच दिवशी दादाने टाकीला लाथ मारली. ती फुटली नाही, कारण अजून खोक्यातच होती आणि भोवती थर्माकोल होता.

"दारात काय आणून टाकलंस हे?"

"माशांची टाकी आहे. खाऱ्या पाण्याची," बारक्या म्हणाला.

"घरात माणसांना जागा नाही, आणि हा मासे पाळतोय!" दादाने आणखी एक लाथ घातली आणि आत निघून गेला. दाराआडून वहिनी बघत होती. तिच्या डाव्या भुवईवर चार दिवसांपूर्वीचे टाके होते.

बारक्या घड्याळजी होता. वय अडतीस, लग्न नाही, अंगकाठी अशी की कुणीही सहज बाजूला सारावं. दादा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी क्रेन चालवायचा. रस्त्यावर कुणी हुज्जत घातली तर आधी हात उचलायचा आणि मग विचारायचा, काय म्हणालास म्हणून. एका टेम्पोवाल्याचा जबडा त्याने दोन ठिकाणी मोडला होता. घरातही तीच रीत. लहानपणापासून बारक्याने इतका मार खाल्ला होता की जिन्यावर दादाची पावलं वाजली की तो नकळत मान खाली घालायचा.

घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी बारक्याचं कामाचं टेबल, आणि त्याशेजारी एक लोखंडी स्टँड. त्यावर त्याने साठ लिटरची टाकी बसवली. आयुष्यात पहिल्यांदाच तो कामाची नसलेली एखादी गोष्ट घरात आणत होता.

पाळायचे मासे विकणाऱ्या मावशींनी त्याला सगळं पढवून पाठवलं होतं. साठीच्या बाई, आवाज फाटका, जीभ तिखट. "नळाचं पाणी घालशील तर सगळं मरेल. हे गाळलेलं पाणी ने. मीठ बादलीत घोळव, चोवीस तास पंप फिरू दे, मग खारटपणा मोज. आणि घाई करशील तर माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस."

घाई हा बारक्याचा स्वभावच नव्हता. त्याने मीठ घोळवलं, हीटर लावला, तळाला वाळू पसरली. मग मावशींकडून जिवंत दगड आणला. जिवंत म्हणजे समुद्रातून काढलेला, भोकाभोकांत जंतू, किडे, शेवाळ असलेला. एका बाजूला हिरव्या बटणांसारखे मऊ जीव चिकटलेले होते. उजेड पडला की उमलायचे.

"दिसतात गोड," मावशी म्हणाल्या, "पण त्यांच्यात विष असतं. हातमोजे घालूनच हात लाव. आणि हा दगड कधी उकळायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही. वाफ छातीत गेली तर माणूस आडवा होतो. थट्टा नाही करत."

घरी आल्यावर बारक्याने हे दोघांनाही सांगितलं. वहिनीने नीट ऐकून घेतलं. दादा म्हणाला, "विषारी दगड आणलास? शाबास!"

पुढचे सहा आठवडे टाकीत काही म्हणजे काहीच नव्हतं. बारक्या रोज काचेच्या नळीत पाणी घ्यायचा, औषधाचे थेंब टाकायचा आणि रंग बघायचा. आधी अमोनिया चढला, मग उतरला. मग नायट्राइट चढलं, पाणी नळीत गर्द जांभळं व्हायचं. एका सकाळी तेही उतरलं, म्हणजे पाणी माशांना सोसेल असं झालं. त्याने मावशींकडून पाच गोगलगायी, दोन शंखातले खेकडे आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची एक जोडी आणली.

वहिनी काम टाकून टाकीसमोर येऊन उभी राहिली. "भावजी, हा धाकटा बघा कसा थोरल्याच्या मागे मागे जातो."

"थोरली मादी आहे. ह्यांच्यात तिचंच चालतं."

वहिनी हसली. भुवईवरचा व्रण ताणला गेला तशी तिने भुवई धरली.

चौथ्या दिवशी दुपारी बारक्या एका मनगटी घड्याळाचं केसाएवढी स्प्रिंग बसवत होता. खोलीत बावीस घड्याळं चालू होती आणि त्याला प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू यायचा. मध्येच 'टक्' झालं. हे बावीसातलं नव्हतं. थोड्या वेळाने परत, टक्. जणू काचेवर कुणी खिळा मारला. तो टाकीजवळ गेला. वाळूवर एका गोगलगायीच्या शंखाचे तुकडे पडले होते आणि आत गोगलगाय नव्हती.

दोन दिवसांत पाचही गोगलगायी संपल्या. मग एका खेकड्याचा शंख फुटला. खेकडा उघडा पडून वाळूवर सरपटत होता, तेवढ्यात दगडाच्या भोकातून काहीतरी हिरवट बाहेर आलं, बोटाएवढं, डोळे दांडीवर गरगर फिरणारे. त्याचे पुढचे दोन हात पोटाशी मिटलेले होते. ते कधी उलगडले हे बारक्याला दिसलंच नाही. टक्. खेकड्याचं डोकं गेलं.

मावशींना वर्णन ऐकूनच कळलं. "मुठीवाली कोळंबी आहे ती, ठोसा मारून कवच फोडते. दगडातून आली असणार. काढून टाक, नाहीतर तुझे मासेही ठेवणार नाही."

बारक्याने बाटलीचा सापळा केला, आत माशाचा तुकडा ठेवला. कोळंबीने बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आठव्या दिवशी तिने थोरल्या माशाचा कल्ला फोडला. मासा वाळूवर आडवा पडला, तोंड उघडत-मिटत राहिला, आणि तिने त्याला शेपटीकडून भोकात ओढून नेलं. धाकटा मासा कोपऱ्यात हीटरला चिकटून थरथरत होता.

नेमकं हे दादाने पाहिलं. कामावरून आला होता, बूटही काढले नव्हते.

"आयला!" तो गुडघ्यांवर बसला. "एका ठोशात? परत कर म्हणावं."

त्या दिवसापासून दादाने तिचं नाव ठेवलं ठोशा. मावशींच्या दुकानातून तो स्वतः खेकडे आणू लागला. खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचा, एक एक खेकडा आत सोडायचा आणि कवच फुटलं की मांडीवर थाप मारायचा. "बघितलंस? डोळा काढला आधी. मग पाय. डोकं आहे ह्याला, बारक्या!" बारक्याने ठोशाला काढून टाकायचं म्हटलं तर दादा त्याच्याकडे नुसता बघायचा. धाकटा मासा बारक्याने गुपचूप मावशींकडे नेऊन ठेवला.

विचित्र गोष्ट अशी की ते तीन आठवडे दादाने घरात कुणावरही हात उचलला नाही. दोघे भाऊ संध्याकाळी शेजारी शेजारी बसायचे. असं याआधी कधीच झालं नव्हतं. खेकड्यांचे पाय तुटू लागले की बारक्या नजर घड्याळांकडे वळवायचा, पण उठायचा नाही. वहिनीच्या अंगावर नवी खूण नव्हती, म्हणून बसून राहायचा.

मग एका रविवारी दुपारी दादा त्याच्या क्रेनवरच्या जोडीदाराला घेऊन आला, ठोशा दाखवायला. दोघं टाकीपुढे बसले. खेकडा सोडला. ठोशाने अलीकडेच दोन खाल्ले होते, ती बाहेर येईना.

"हाच का तुझा पैलवान?" जोडीदार म्हणाला. "झोपलाय वाटतं."

दादाने बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि अंगठ्याने भोकावर टिचकी मारली.

टक्.

दादा ओरडला. हात बाहेर आला तेव्हा अंगठ्याचं नख मधोमध चिरलं होतं, मांस उघडं पडलं होतं, आणि त्याखाली पांढरं काहीतरी दिसत होतं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. जोडीदाराला हसू फुटलं. त्याने आवरायचा प्रयत्न केला, पण खांदे हलत राहिले. "बोटाएवढ्याने झोपवलं की रे तुला!"

दादाने त्याची गचांडी धरून त्याला दाराबाहेर ढकललं. जिन्यावर तो धडपडल्याचा आवाज आला. मग दादा परत टाकीकडे वळला, दोन्ही हात आत घालून दगड उचलला आणि छातीशी धरून स्वयंपाकघरात गेला. पाणी खोलीभर सांडलं. बारक्या त्याच्या मागे धावला.

वहिनीने गॅसवर दोन पातेल्यांत पाणी तापत ठेवलं होतं, एक चहाचं, एक कपडे भिजवायचं मोठं. दोन्ही खदखदत होती. खिडकी बंद होती. दादाने दगड सिंकमध्ये आपटला.

"दादा, नको! विष आहे त्यात, मी सांगितलं होतं!"

बारक्याने त्याचा दंड धरला. दादाने मागे न बघता कोपर हाणलं. बारक्याचं नाक मोडलं. मोडल्याचा आवाज त्याला डोक्याच्या आतून ऐकू आला. तो भिंतीला लागून खाली बसला. दादाने चहाचं पातेलं उचललं आणि दगडावर ओतलं.

वाफेचा लोट उठला. हिरवी बटणं आक्रसून करडी झाली. ठोशा भोकातून उडी मारून बाहेर आली, सिंकमध्ये दोनदा वेडीवाकडी उसळली आणि लाल होऊन पडली. दादा तोंड खाली घालून, अगदी जवळून बघत होता. "मर! मर!"

"अहो, पुरे करा!" वहिनी म्हणाली आणि खोकू लागली.

दादाने वळून तिचे केस पकडले. "तूही हसलीस. ऐकलं मी."

ती हसली नव्हती. त्याने तिचं तोंड सिंककडे, त्या वाफेत ढकललं.

आता बारक्या उठला. नाकातून रक्त वाहत होतं, डोळ्यांत पाणी होतं. ओट्यावरचा पोळपाट त्याच्या हाताला लागला. त्याने तो दादाच्या फुटलेल्या अंगठ्यावर सगळ्या ताकदीने मारला. दादाची मूठ सुटली. बारक्याने वहिनीला कमरेला धरून दाराबाहेर ओढलं, दार लावलं आणि दाराची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. एक पाय चौकटीला लावला.

आतून शिव्या आल्या. मग दुसरं, मोठं पातेलं ओतल्याचा आवाज आला, चर्र करून. मग खोकला. कोरडा, खोल, न थांबणारा.

"बारक्या, दार उघड."

बारक्याने उघडलं नाही.

दारावर खांद्याचा धक्का बसला. एरवी त्या धक्क्याने दार बिजागरीसकट आलं असतं. या वेळी नुसतं हललं. "उघड... श्वास..."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. ती पुढे आली. बारक्याला वाटलं, ती आता म्हणेल, उघडा. तिने आपले दोन्ही हात त्याच्या हातांवर ठेवले आणि दाराची मूठ धरली. दोघं तशीच उभी राहिली, एकमेकांकडे न बघता. बारक्याला घड्याळाशिवाय सेकंद कळायचे. त्याला ते नको असतानाही कळत होते. चाळीस. पन्नास. आत काहीतरी जड जमिनीवर पडलं. सत्तरला दोघांनी हात काढले.

बारक्याने तोंडावर ओला टॉवेल धरला, आत जाऊन खिडकी उघडली आणि दादाला बगलेत हात घालून बाहेर ओढलं. दादाचे डोळे उघडे होते. तोंडातून फेस येत होता.

इस्पितळात तिघांनाही ठेवलं. वहिनीला आणि बारक्याला ताप भरला, जिभेवर लोखंडाची चव राहिली, पण चार दिवसांत ती उतरली. दादा अकरा दिवस नळ्यांवर होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतका वेळ हे आत कसे राहिले?" बारक्या म्हणाला, "दार अडकलं." डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मोडलेल्या नाकाकडे आणि वहिनीच्या डोक्यावरच्या उपटलेल्या केसांच्या जागेकडे पाहिलं आणि तेवढंच लिहून घेतलं.

दादा घरी यायच्या आदल्या दिवशी वहिनीने बॅग भरली. तिची बहीण दुसऱ्या गावी राहायची.

"भावजी, मी जाते. कधी खरं सांगावंसं वाटलं तर दोघांचीही नावं सांगा. मी घाबरत नाही आता."

बारक्याने तिची बॅग जिन्याखाली नेऊन दिली. तिने वळून पाहिलं नाही आणि त्यालाही ते बरं वाटलं. वर येऊन त्याने हातमोजे घालून टाकी रिकामी केली, काच पुसली आणि ती कोरडी करून मावशींना परत दिली.

दादा आला तो निम्मा होऊन. चार पायऱ्या चढला की थांबायचा. क्रेन गेली. खुर्चीत बसून असायचा, हाताशी श्वासाचा पंप. बारक्या त्याला जेवू घालायचा, अंघोळीला धरून न्यायचा, आणि टेबलाशी बसून घड्याळं दुरुस्त करायचा. नाक वाकडंच जुळलं होतं.

महिनाभराने एका सकाळी दादा म्हणाला, "ते दार कधी अडकायचं नाही. वीस वर्षं बघतोय मी."

बारक्याने चिमटा खाली ठेवला. "अडकलं नव्हतं. मी धरलं होतं."

"एकट्याने?"

"एकट्याने."

"मी मरत होतो ते कळत होतं?"

"कळत होतं."

दादा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठला. दोन पावलं चालायला त्याला बराच वेळ लागला. बारक्याने मान खाली घातली नाही. दादाने हात मागे नेला आणि त्याच्या कानाखाली मारली. लागलं, पण पूर्वीसारखं नाही. त्या एका थपडेने दादाच इतका दमला की बारक्याला त्याला धरून खाली बसवावं लागलं. तोंडात पंप दिला. श्वास जागेवर येईपर्यंत पाठीवर हात ठेवून थांबला.

"परत हात उचललास," तो म्हणाला, "तर मीही जाईन. मग तूच बघ तुझं."

दादाने परत कधी हात उचलला नाही. त्याला मारावंसं वाटलं नाही म्हणून, की अंगात बळ उरलं नाही म्हणून, हे बारक्याने त्याला विचारलं नाही.