फणसाच्या फळीवरचे तीन रंग

हिरव्या पट्ट्याची कड सरळ करताना फहमिदाचा हात दुसऱ्यांदा घसरला आणि हिरवं बोटभर पांढऱ्यात घुसलं. तिने श्वास रोखून सुरीच्या टोकाने ते अलगद खरवडून काढलं, वर पांढऱ्याचा नवा थर दिला आणि दोन पावलं मागे सरकून फळीकडे पाहिलं. वर केशरी, मध्ये पांढरं, खाली हिरवं. बोटाने दाखवत तिने ते पुन्हा एकदा पुटपुटून घेतलं. सकाळपासून हे कितव्यांदा, ते तिलाच ठाऊक. सात वाजले होते आणि नऊला झेंडावंदन होतं.

फळी शेजारच्या मालूआजींची. फणसाच्या लाकडाची, चांगली दीड हात लांब. एके काळी तिच्यावर त्यांच्या घरचे पापड लाटले जायचे. काल स्वतः घासूनपुसून त्यांनी ती आणून दिली होती. फहमिदाकडे एवढी मोठी फळी नव्हती. मागणी आल्यावर घरच्या घरी डेझर्टचे छोटे छोटे कप करून देणाऱ्या बाईला असली फळी लागतेच कशाला?

दोन आठवड्यांपूर्वी सोसायटीतल्या बायकांची बैठक झाली. कोणी ढोकळा म्हणालं, कोणी तिरंगी सँडविच. फहमिदाची पाळी आली तेव्हा ती उत्साहाने म्हणून गेली की मी फ्रॉस्टिंगचा बोर्ड करते. ओव्हन नको, गॅस नको. फळीवर गोड क्रीमचे जाड थर पसरायचे, भोवती बिस्किटं आणि फळांच्या फोडी मांडायच्या, ज्याने त्याने बुडवून खायचं. "तिरंगीच करते," असंही म्हणाली. बायका वा वा म्हणाल्या. खांदा कॉलनीतल्या या इमारतीत राहायला येऊन चार महिने झाले होते, आणि इतक्या जणींनी एकदम वा वा म्हणण्याची ही पहिलीच वेळ. ती हुरळून गेली, दुसरं काय!

मग तीन दिवसांपूर्वी चक्क्यासाठी दही फडक्यात बांधताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे लोक खाणार. तिरंग्यात बिस्कीट खुपसून खाणार. आणि तो तिरंगा कोणी केला? तर सातशे तीनच्या फहमिदाने. त्या क्षणापासून तिची अन्नावरची वासना उडाली.

मोबाइल वाजला. हात क्रीमने भरले होते म्हणून तिने कोपराने तो स्पीकरवर टाकला. दुबईहून नवरा, नियाज होता. मघाशी तिने त्याला फळीचा फोटो पाठवला होता.

"छान झालंय," तो म्हणाला. मग घसा खाकरला.

"पण?"

"पण नको नेऊस. शेवया कर पटकन. शेवयांना कोण काय बोलणार?"

"आता? यादीत नाव लिहिलंय माझं. पंधरा ऑगस्टला सातशे तीनवाल्यांनीच काही आणलं नाही, असं झालं तर?"

"उरणचं विसरलीस का?"

ती कशी विसरेल? नियाजच्या चुलतभावाचं उरणला मोबाइलचं दुकान होतं. सव्वीस जानेवारीला त्याने दारावर कागदी झेंड्यांचं तोरण लावलं. वाऱ्याने दोरी एका बाजूने तुटली आणि चार-पाच झेंडे उलटे लोंबत राहिले. कोणीतरी फोटो काढला. मारहाण झाली नाही, कोणी काच फोडली नाही; पण आठ दिवस शटर खाली होतं. आता रस्त्यात कोणी मोबाइल वर धरला तरी तो माणूस दचकतो.

"पोराटोरांनी केलं तर लोक हसून सोडून देतात," नियाज म्हणाला. "तुला नाही सोडणार, फहमिदा. घरमालक अकरा महिन्यांनी करार पुढे वाढवायचा की नाही ते वागणूक बघून ठरवणार आहे. त्यानेच सांगितलंय तसं."

फोन बंद झाला तेव्हा तिला दिसलं, मुलगी, यूम्ना दारात उभी होती. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, हातात चॉकलेटच्या गोळ्यांची वाटी.

"अम्मी, निळ्या गोळ्या मोजल्या. बरोबर चोवीस. लावू?"

"नको."

"मग चक्र?"

"चक्र नाही लावायचं, बेटा. हा झेंडा नाहीये. तीन रंगांचं क्रीम आहे."

यूम्नाने फळीकडे पाहिलं, मग आईकडे. चौथीतल्या मुलीला झेंडा दिसला की झेंडाच दिसतो.

"टीचर म्हणाल्या, चक्र नसेल तर झेंडा अपुरा."

"म्हणूनच नाही लावायचं."

बोलून गेली खरी, पण लगेच तिच्या लक्षात आलं. चक्र लावलं तर तो झेंडा झाला, आणि मग झेंड्यात बिस्किटं बुडवायची. नाही लावलं तर मुद्दाम वगळलं म्हणायला लोक मोकळे. भीतीचं असंच असतं. एक दार लावून घ्यावं तर ती दुसऱ्या दारातून आत येऊन बसते. फहमिदाने ओट्याला टेकून डोळे मिटले. एवढी साधी गोड वस्तू, आणि आपल्याला तिच्याकडे धड बघवत नाही, याचा तिला संतापही आला आणि रडूही.

बेल वाजली. मालूआजी होत्या. त्या थेट स्वयंपाकघरात आल्या, फळीवर वाकल्या.

"काय गो, शिरखंड केलास काय?"

"तसंच आहे, आजी. चक्का आणि क्रीम. केशरीत केशर आणि आंब्याचा रस, हिरव्यात पिस्ते."

"मंग शिरखंड म्हन ना! मना वाटला काय नवाच हाय." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तोंड कनाला उतरलाय तुजा? बरा नाय काय?"

"गरम होतंय," फहमिदा म्हणाली.

नऊला झेंडा वर गेला. राष्ट्रगीत झालं. फहमिदा मागच्या रांगेत उभी होती. ओठ हलत होते, नजर मात्र पार्किंगमधल्या टेबलाकडे. पांढरं कापड अंथरलेल्या त्या लांब टेबलावर ढोकळ्याच्या आणि सँडविचच्या मध्ये तिची फळी होती. ठेवताना तिने पुन्हा पाहून घेतलं होतं: वर केशरी. हवेत दमटपणा इतका होता की क्रीमवर बारीक थेंब जमले होते. यूम्ना शेजारी उभी, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

सचिव कृष्णकांत घरत यांचं भाषण सुरू झालं. गोदीतून निवृत्त झालेला, उंचापुरा, खड्या आवाजाचा माणूस. सोसायटीच्या ग्रुपवरचा त्यांचा एक जुना मेसेज एका शेजारणीने फहमिदाला आल्याआल्याच दाखवला होता. मागच्या सव्वीस जानेवारीनंतर कागदी झेंडे जिन्यात पडलेले सापडले, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं: ज्यांनी टाकले त्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. त्यांच्या मोबाइलचा कॅमेरा म्हणजे इमारतीचा तिसरा डोळा, असं मालूआजी म्हणत.

भाषण संपलं. घरतकाका माइक हातात घेऊनच टेबलाकडे निघाले, पदार्थ बघत, फोटो काढत. पण ते अलीकडून आले नाहीत. खुर्च्यांची गर्दी टाळून भिंतीच्या बाजूने, टेबलाच्या पलीकडून आले.

फहमिदाच्या आत्ता ध्यानात आलं. स्वयंपाकघरातल्या ओट्याला एकच बाजू असते. तीन दिवस तिने त्या एकाच बाजूने विचार केला होता. टेबलाला दोन बाजू असतात, आणि पलीकडून बघणाऱ्याला हिरवं वर होतं, केशरी खाली.

घरतकाका नेमके तिच्या फळीपुढे थांबले. मान एका बाजूला कलली. मग दुसऱ्या बाजूला. त्यांनी मोबाइल वर धरला आणि फोटो काढला. एक नाही, दोन.

धावत जाऊन फळी फिरवावी, असं तिला वाटलं. पण मग चूक झाली होती हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. सगळं क्रीम एकत्र कालवून टाकावं, असंही वाटलं. पण ते तर त्याहून वाईट. तिला उरणचं खाली ओढलेलं शटर दिसलं. यूम्नाची शाळा, अर्धं उलगडलेलं सामान, पुन्हा खोक्यात भरायची भांडी दिसली.

"हे कोणी बनवलंय?" माइकमधून आवाज घुमला. "हे, लाकडावरचं. कोणाचं आहे?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. फहमिदाने तोंड उघडलं, पण दातखीळ बसली. एक क्षण, दोन क्षण. सगळ्या माना हळूहळू मागच्या रांगेकडे वळू लागल्या.

"मी!"

यूम्ना पुढे गेली होती. मोकळ्या जागेत एकटी उभी राहून ती खणखणीत आवाजात बोलत होती, वर्गात पाठांतर म्हणून दाखवतात तशी.

"मी केलं, अंकल. एकटीने. अम्मीला माहीतच नव्हतं. ती झोपली होती."

घरतकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तू? कितवीत आहेस गं?"

"चौथीत."

"एवढं सगळं? एकटीने?"

"हो. अम्मीने नाही केलं."

घरतकाका तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की फहमिदाला ते आधी ओळखूच आलं नाही.

"ऐकलंत का? चौथीतली मुलगी! आणि आमच्याकडे दहावीतल्यांना चहा करता येत नाही. टाळ्या वाजवा. पदार्थांचं पहिलं बक्षीस हिलाच. मिसेस, तो स्टीलचा डबा आणा इकडे."

टाळ्या वाजल्या. घरतकाकांनी स्वतःच पहिलं बिस्कीट उचललं, केशरीपासून हिरव्यापर्यंत सरळ रेघ ओढत तिन्ही रंग त्यावर घेतले आणि तोंडात टाकलं. त्यांच्यामागे झुंबड उडाली. दहा मिनिटांत फणसाचं लाकूड दिसू लागलं, लोक फळीवरून बोट फिरवू लागले. वर काय, खाली काय, कोणी पाहिलंसुद्धा नाही. ग्रुपवर फोटो आला होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'रेसिपी प्लीज.'

फहमिदाचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. ती अंगठ्याने स्क्रीन वरखाली करत राहिली.

मालूआजी जवळ आल्या. त्यांच्या ओठाला पिस्त्याचा कण लागला होता.

"शिरखंडच हाय, पन बरा झालाय." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सकाली तर तूच करत व्हतीस. पोरीनं तुजा काम आपला म्हनून कनाला सांगला?"

फहमिदाने यूम्नाचं मनगट धरलं आणि लिफ्टकडे चालू लागली.

लिफ्टमध्ये दोघीच होत्या. यूम्नाने स्टीलचा डबा डाव्या काखेत धरला होता. उजवी मूठ अजून मिटलेलीच.

"मुठीत काय आहे?"

यूम्नाने मूठ उघडली. गोळ्यांचा निळा रंग विरघळून तळहातभर पसरला होता, बोटांच्या बेचक्यांत, नखांत. मध्ये चॉकलेटचा चिकट गोळा.

"चोवीस आहेत," ती म्हणाली. "कोणी विचारलं असतं ना, चक्र कुठे आहे, तर मी पटकन लावणार होते."

तिसरा मजला गेला.

"आणि तू केलंस, असं का म्हणालीस?"

"अब्बू म्हणाले ना. पोराटोरांनी केलं तर लोक हसून सोडून देतात." तिने ते पाढ्यासारखं म्हटलं, पाठ झालेलं, शंका नसलेलं. मग आईकडे पाहून घाईघाईने म्हणाली, "सोडलं ना, अम्मी? आता काही नाही करणार ना तुला?"

चार महिने फहमिदाने किती काळजी घेतली होती. मुलीसमोर कधी रडली नव्हती, दारावर नावाची पाटी लावायची राहून गेलीये असंच सांगत आली होती. आणि इकडे नऊ वर्षांची पोर मुठीत चक्र घेऊन उभी होती, विचारलं तर लावायला आणि नाही विचारलं तर लपवायला.

सातव्या मजल्यावर दार उघडलं. समोर त्यांचं घर. दारावर नाव नाही, नुसता आकडा. यूम्ना बाहेर पडायला निघाली.

फहमिदाने तिला खांद्याला धरून थांबवलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं. दार मिटलं.

"अम्मी, खाली काही राहिलं?"

"डबा परत द्यायचाय घरतकाकांना."

"का? मला मिळालाय तो."

"तुला नाही मिळाला," फहमिदा म्हणाली. आवाज कापत होता, आणि तो कापतोय हे यूम्नाला ऐकू जातंय, हेही तिला कळत होतं. "बनवलं मी. मग बक्षीस कोणाचं?"

यूम्नाने भेदरून तिच्याकडे पाहिलं. फहमिदाने तिचा निळा, चिकट हात आपल्या हातात घेतला आणि घट्ट धरला. लिफ्ट खाली निघाली.