बाबांचा किल्ट

"बाबा, तुमचा किल्ट मला कमरेत होत नाही," अशी थाप मारून माझ्या लग्नासाठी मी आम्हा स्कॉटिश पुरुषांचा तो लोकरी, चुण्यांचा घागरा आठशे पौंडांना नवा शिवून घेतला. बाबांचा मी कमरेला लावूनही पाहिला नव्हता. रंग विटलाय, एवढंच खरं कारण.

नवा न्यायला गेलो तेव्हा शिवणाऱ्या म्हाताऱ्या मोरागबाई म्हणाल्या, "बापाचा का नाही घालत रे? तुझ्या बापानं, मर्डोनं, तो शिवताना माझ्याकडून चुण्यांत वीतभर कापड जास्तीचं घालून घेतलं होतं. म्हणाला, पोरगा आडवा निघाला तर उसवून देता येईल."

लग्नात नव्या लोकरीची ऊब मांड्यांना लागत होती आणि निर्लज्जासारखा मी सुखावत होतो. बाबांनी माझ्या चुण्यांवरून हात फिरवला.

"माझा उसवूनही झाला नसता ना रे?"

"नसता झाला, बाबा."