चाळणीतले नऊ लेख

माझ्या कामात कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही. हॉस्पिटलच्या तळघरातल्या ग्रंथालयात मी एकवीस वर्षं बसतेय, आणि डॉक्टरांना वैद्यकीय डेटाबेसमधून संशोधन शोधून देणं हे माझं काम. एकेका आजारावर हजारो लेख निघतात. उंदरांवरचे, सशांवरचे, कुठलेकुठले. ते वगळायला मी एक फिल्टर बनवून ठेवलाय. बटण दाबलं की गाळ बाजूला. सगळे त्याला ‘बाईंची चाळणी’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला मनातल्या मनात गुदगुल्या होतात.

म्हणून त्या सकाळी वरच्या मजल्यावरची फिजिओथेरपिस्ट दारातूनच म्हणाली, "तुमच्या चाळणीत माझा लेख सापडत नाही," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"नीट शोधलात का?"

"माझाच लेख आहे हो. मथळा पाठ आहे मला. छापून दीड महिना झाला."

आत्ता दाखवते, म्हटलं. बटण दाबून तिचं नाव घातलं. काही नाही. मग फिल्टरमधली एकेक खूण काढत गेले. भाषेची काढली, वयाची काढली, काही नाही. ‘फक्त माणसांवरचे’ ही खूण काढली आणि लेख टपकन वर आला.

"म्हणजे माझे पेशंट माणसं नाहीत की काय?" ती हसत सुटली.

मला हसू आलं नाही. लेख माणसांवरचा की प्राण्यांवरचा, याची चिठ्ठी डेटाबेसवाले मागाहून लावतात. कधी कधी त्याला महिने जातात. बिनचिठ्ठीचा लेख माझी चाळणी आत घेतच नव्हती. म्हणजे जे जे ताजं, ते सगळं बाहेर. प्रशिक्षणात हे शिकवलंही असेल; मी तेव्हा नुसती मान डोलावली असेल.

ती गेली तरी माझी नजर त्या खुणेवरून हलेना. कारण महिन्यापूर्वी याच चाळणीतून मी धाकटीचं औषध शोधलं होतं.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. सांध्यांनी तिला जेरीस आणलं होतं. स्वतःची वेणी घालता येईना. आमच्याच हॉस्पिटलमधल्या तिच्या डॉक्टरांनी एक नवं औषध सुचवलं, महिन्यातून एकदा सलाइनमधून द्यायचं, आणि मला लेखी विचारलं: यानं कुणाच्या जिवावर बेतल्याचं कुठे आलंय का? नऊ लेख निघाले. नऊही मी शब्दन् शब्द वाचले. खाली लिहिलं, ‘गंभीर धोक्याचा पुरावा आढळला नाही,’ आणि झोकदार सही केली. सुई म्हटलं की पळणारी धाकटी लगेच तयार झाली. "तू शोधलंयस ना ताई? मग झालं तर."

आता मी तोच प्रश्न ती खूण काढून पुन्हा टाकला. नवाचे तेरा झाले.

वरचे चारही लेख मी शोधायच्या आधीच आलेले होते. डॉक्टर वेगळे, शहरं वेगळी, हकिकत मात्र एकच. पहिल्या डोसनंतर एका डोळ्याची पापणी उतरते. तिकडे कुणी लक्ष देत नाही. दुसरा डोस गेला की तासाभरात गिळणं जड होतं, प्यायलेलं पाणी नाकातून येतं. मग श्वासाचे स्नायू थकतात. चौघांतला एकच वाचला होता, ज्याला दुसरा डोस दिलाच नव्हता.

रविवारी धाकटी जेवायला आली होती. डावी पापणी अर्धी मिटलेली. आणि मी, तिची मोठी बहीण, भरल्या ताटावर म्हणाले होते, "कुणाला डोळा मारतेस गं?" तिला हसता हसता पुरेवाट झाली.

दुसरा डोस आज होता, दहा वाजता. समोरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

वॉर्डचा फोन कुणी उचलेना. लिफ्टची वाट बघणं शक्यच नव्हतं. तीन मजले जिन्यानं चढले.

धाकटी खिडकीजवळच्या खुर्चीत होती. सलाइनची पिशवी चपटी पडली होती.

"बंद करा ते!" मी ओरडले.

"संपलंच की," नर्स नळी काढत म्हणाली.

"अगं, केवढ्या धापा टाकतेयस," धाकटी म्हणाली. "बघ, रडले नाही मी. डॉक्टर म्हणत होते, डोळा असा का दिसतोय, थांबूया का. मी म्हटलं, झोप झाली नसेल, आमच्या ताईनं सगळं शोधलंय. मग त्यांनी तुझा कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, बरं, देऊया."

फाइल तिच्या मांडीवर उघडीच होती. माझी सही लांबूनही ओळखू येत होती.

"डॉक्टरांना बोलवा. आत्ताच्या आत्ता," मी नर्सला म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती पळालीच.

"काय झालं गं ताई?"

मी तिच्या मांडीवरची फाइल मिटली. आयुष्यात कधी घाबरले नव्हते इतकी मी घाबरले होते, आणि तिचा हात धरायचंही सुचत नव्हतं.

"थांब, पाणी देते तुला," ती म्हणाली. "आधी मी घोटभर घेते, घसा कसासाच झालाय."

तिनं ग्लास तोंडाला लावला. ठसका लागला, आणि पाणी नाकातून ओठावर ओघळलं. ते बाहीनं पुसून ती माझ्याकडे बघून हसली.