बारशाची बासुंदी

सभा चारला होती आणि ठराव मी तीनलाच लिहून ठेवला होता. इंदिरानगरातल्या आमच्या महिला मंडळाची २००३ सालीही हीच रीत होती. शिक्षण माझं सातवी, पण अक्षर वळणदार, म्हणून इतिवृत्ताची वही माझ्याकडे. अध्यक्ष संध्याताई फोनवर सांगायच्या, मी लिहायची, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. मग चहाबरोबर वही फिरायची.

त्या दिवशीचा ठराव: मंडळाच्या बालवाडीतील मदतनीस कुसाबाई यांना अस्वच्छतेच्या कारणावरून कामावरून कमी करणे. कुसाबाई पेठकडच्या, डोंगरातल्या पाड्यावरच्या. नऊ वर्षं बालवाडीच्याच मागच्या खोलीत राहत होत्या. काम गेलं की खोलीही जाणार.

आदल्या आठवड्यात अकरा मुलांना उलट्या झाल्या होत्या. संध्याताईंच्या नातवाच्या बारशाची उरलेली बासुंदी मुलांना वाढली, त्यानंतर. बालवाडीच्या माडीवर भरलेल्या सभेत बासुंदीचं नाव कुणी काढलं नाही. संध्याताई म्हणाल्या, कुसाबाईंच्या हाताला स्वच्छता नाही. रोशनीने मान हलवली. तिची पाहून निकिताने. निकिताची पाहून मी. आठही सह्या झाल्या. चहा कुसाबाईंनीच केला होता, माझा बिनसाखरेचा आठवणीने वेगळा.

संध्याताई अजून वरच होत्या. खाली चपला घालताना रोशनी हळूच म्हणाली, “बासुंदी नासली होती गं. वास येत होता.”

“मलाही आला,” निकिता म्हणाली. “म्हटलं, बाकी कुणी बोलत नाही, तर माझ्याच नाकाचा दोष असेल.”

एकेक करत सहाही जणी तेच बोलल्या. माझं डोकं सणकलं. वर तोंडाला कुलूप, आणि चपलांपाशी यांना वाचा फुटते. त्यांच्या नावाने बडबडत, वर राहिलेली वही आणायला मी परत जिना चढले.

कुसाबाई कप विसळत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “बाई, मी तुमालाच इचारलं व्हतं, वास मारतोय, देऊ का नको. तुमी म्हनलात, संध्याताईंनी पाठवलीय, वाढा.”

म्हटलं होतं. याच शब्दांत.

मी वही ओढली. ‘सर्वानुमते’ इतक्या जोरात खोडलं की पान फाटलं. खाली लिहिलं, बासुंदी नासलेली होती, वाढायला मी सांगितलं, ठरावाला माझा विरोध.

“सभा संपलीये,” संध्याताई पर्सची चेन लावत म्हणाल्या.

“मग पुन्हा भरवा.”

खिडकीतून मी खाली हाक मारली, चपला काढा आणि वर या. सहाही जणींनी वर पाहिलं. पण चप्पल कुणी काढेना. जी ती आधी शेजारणीच्या पायांकडे बघत होती.